आयएनजी लावण्याआधी बघा: वाक्य ‘मी’चं आहे की ‘मला’चं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्ट टीममध्ये आहात. रोज संध्याकाळी परदेशातल्या टीमबरोबर कॉल असतो. त्यात तुम्ही ‘आय ॲम हॅविंग थ्री टिकेट्स’ (तिकीट म्हणजे ग्राहकाची नोंदवलेली तक्रार), ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग द इश्यू’ असं बोलायचात, आणि एका सहकाऱ्याने टोकलं. त्या दिवसापासून तुम्ही धास्तीने क्रियापदाला आयएनजी (-ing) लावणंच सोडून दिलंत. मग गेल्या आठवड्यात ‘द सर्व्हर डझन्ट रिस्पॉन्ड’ म्हणालात, तर पलीकडून आलं, ‘नेव्हर?’ शाळेतला नियम तुम्हाला पाठ आहे: रोजचं असेल तर सिंपल प्रेझेंट, आत्ताचं असेल तर कंटिन्युअस. तरी गाडी घसरते, म्हणून तुम्हाला पक्का नियम हवाय. सोबत आणखी तीन वाक्यं तपासायला दिलीत: ‘आय कॉल यू इन टेन मिनिट्स’, ‘आय ॲम वर्किंग इन धिस टीम सिन्स 2021’ आणि ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’. शिवाय मॅकडोनल्ड्सच्या जाहिरातीतलं ‘आयम लव्हिन इट’ मग कसं चालतं, असंही विचारलंत.

मी 24 वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतेय. आधी कोल्हापुरात संध्याकाळच्या बॅचेस घ्यायचे, आता पुण्यात कंपन्यांमध्ये जाऊन शिकवते. पक्का, सगळीकडे चालणारा नियम माझ्याकडे नाही आणि कुणी देतो म्हणालं तर सावध राहा. पण मराठी माणसाने स्वतःला विचारायचे दोन प्रश्न आहेत, त्यांनी बहुतेक वाक्यं मार्गी लागतात. ते दोन्ही इथे सांगते आणि जिथे ते तोंडघशी पाडतात त्या जागाही दाखवते.

आधी शाळेच्या नियमाबद्दल. तो खोटा नाही, पण ‘रोज’ आणि ‘आत्ता’ या दोन शब्दांवर तो उभा आहे आणि नेमके तेच शब्द दगा देतात. ‘मला आत्ता उत्तर माहीत आहे’ हे अगदी आत्ताचं आहे, तरी इंग्रजीत ‘आय नो’च. उलट ‘या महिन्यात मी रोज रात्रपाळी करतोय’ यात ‘रोज’ ढळढळीत आहे, तरी ‘आय ॲम वर्किंग नाइट्स धिस मंथ’. म्हणजे घड्याळ आणि कॅलेंडर बघून निर्णय लागत नाही.

चूक कुठून येते ते सांगते. आपलं इंग्रजी ‘धिस इज’पासून सुरू होतं. माझ्या पिढीला ते पाचवीत भेटलं, 2000 सालानंतरच्या मुलांना पहिलीत, पण भेटलं ते असंच. बोट दाखवायचं आणि म्हणायचं, धिस इज अ टेबल, हे टेबल आहे. त्यातून डोक्यात जन्माची गाठ बसते: इज म्हणजे आहे, ॲम म्हणजे आहे, आर म्हणजे आहेत. मग मोठेपणी ‘मला माहीत आहे’ म्हणायची वेळ आली की तो ‘आहे’ स्वस्थ बसू देत नाही. ‘आय नो’ म्हटलं तर ‘आहे’ गेलं कुठे? म्हणून ‘ॲम’ घुसतं, आणि ‘ॲम’च्या मागून आयएनजी आपोआप येतं. ‘आय ॲम नोइंग’ तयार. ‘माझ्याकडे तीन तिकिटं आहेत’चं ‘आय ॲम हॅविंग’ असंच होतं. तुमची पहिली दोन वाक्यं याच कारखान्यातली.

आता पहिला प्रश्न. वाक्य मनात मराठीत येतं तेव्हा त्याचा कर्ता बघा. तो ‘मी’ आहे की ‘मला’?

मला समजतं. मला आवडतं. मला आठवतंय. मला दिसतंय. मला ऐकू येतंय. मला हवंय. मला वाटतं. मला माहीत आहे. माझ्याकडे आहे. ही सगळी वाक्यं एकदा मोठ्याने म्हणून बघा. यातल्या एकातही मी काही ‘करत’ नाहीये, गोष्ट माझ्याकडे चालून येते आहे किंवा माझ्यापाशी नुसती आहे. इंग्रजीत अशा क्रियापदांना सहसा आयएनजी लागत नाही: आय अंडरस्टँड, आय लाइक, आय रिमेंबर, आय कॅन सी, आय कॅन हिअर, आय वाँट, आय थिंक, आय नो, आय हॅव. इंग्रजीची पुस्तकं यांना स्टेटिव्ह व्हर्ब म्हणतात आणि चाळीस-पन्नास शब्दांची यादी पाठ करायला लावतात. इंग्रजाच्या पोराला यादी लागत असेल तर लागो. मराठी माणसाच्या तोंडात ती आधीच आहे, कारण आपली भाषाच ‘मी’ आणि ‘मला’ असा भेद करते. मी शिकवायला लागले तेव्हा यादीच देत होते. चारपाच वर्षांनी एका बॅचमध्ये फळ्यावर यादीशेजारी मराठी अर्थ लिहीत गेले आणि उभी रांगच्या रांग ‘मला’ने सुरू झालेली दिसली. तेव्हापासून यादी बंद.

इथे ‘आठवतंय’, ‘दिसतंय’, ‘हवंय’ यातल्या त्या ‘य’ला मात्र फसू नका. मराठीत ‘मला दिसतं’ आणि ‘मला दिसतंय’ दोन्ही चालतात आणि त्यांच्या अर्थामध्ये फरकही आहे. इंग्रजी तो फरक आयएनजीने दाखवत नाही. ‘मला समजतंय तुम्ही काय म्हणताय ते’ याचं ‘आय अंडरस्टँड व्हॉट यू आर सेइंग’. एकाच वाक्यात बघा: समजणं ‘मला’चं म्हणून साधं, म्हणणं ‘तुम्ही’चं म्हणून आयएनजी. हे एक वाक्य पक्कं लक्षात राहिलं तरी अर्धं काम होतं.

अपवाद आहेतच. ‘मी त्याला ओळखतो’ यात ‘मी’ आहे, तरी ‘आय नो हिम’. ‘मी यावर विश्वास ठेवतो’, ‘आय बिलीव्ह धिस’. आणि उलट बाजूला, ‘मला उशीर होतोय’, ‘मला त्रास होतोय’, ‘मला घाम येतोय’ यात ‘मला’ असूनही इंग्रजीत आयएनजी येतं: आय ॲम रनिंग लेट, आय ॲम हॅविंग ट्रबल, आय ॲम स्वेटिंग. हे ‘होतोय’, ‘येतोय’ म्हणजे काहीतरी घडत चाललंय, वाढत चाललंय, म्हणून. तेव्हा ‘मला’ची चाळणी चांगली आहे, पण ती चाळणी आहे, न्यायालय नव्हे.

हीच चाळणी दोन अर्थांच्या शब्दांनाही लागू पडते. ‘थिंक’ घ्या. ‘मला वाटतं हे बरोबर आहे’, आय थिंक. ‘मी नोकरी बदलायचा विचार करतोय’, आय ॲम थिंकिंग ऑफ चेंजिंग माय जॉब. ‘हॅव’ घ्या. ‘मला दोन भाऊ आहेत’, आय हॅव टू ब्रदर्स. ‘मी जेवतोय’, आय ॲम हॅविंग लंच. ‘तो उद्धट आहे’ म्हणजे ‘ही इज रूड’, स्वभावच तसा. ‘तो उद्धटपणा करतोय’ म्हणजे ‘ही इज बीइंग रूड’, एरवी बरा असतो, आज बिनसलंय. इंग्रजी एकाच शब्दाला आयएनजी लावून अर्थ फिरवते, मराठी तिथे वेगळं क्रियापद आणते. मराठी वाक्यात ‘करणं’ आलं की बहुधा आयएनजीचा रस्ता मोकळा.

आता ‘मी’ची वाक्यं. तिथे दोन्ही रूपं व्याकरणाने चालतात, मग निवडायचं कसं? इथे दुसरा प्रश्न: ही पाटी आहे की खडू?

शाळेच्या फाटकावर नावाची रंगवलेली पाटी असते. वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात खडूने तारीख, वार आणि आजची हजेरी लिहिलेली असते. दोन्ही खरंच सांगतात. पण पाटी उद्या सकाळी पुसली जाईल असं कुणी धरून चालत नाही आणि फळ्याचा कोपरा पुसला जाणार हे सगळ्यांना माहीत असतं. सिंपल प्रेझेंट म्हणजे पाटी, कंटिन्युअस म्हणजे खडू. ‘आय लिव्ह इन पुणे’ म्हणणाऱ्याने पाटी लावली. ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे’ म्हणणाऱ्याने खडूने लिहिलं, म्हणजे तूर्त पुण्यात, पुढचं पुढे. दोघांचा पत्ता एकच असू शकतो, दोघंही भाड्याच्या एकाच फ्लॅटमध्ये राहत असतील. वस्तुस्थिती तीच आहे, बोलणारा तिच्याकडे कसा बघतो ते वेगळं. म्हणूनच ‘यातलं बरोबर कुठलं’ या तुमच्या प्रश्नाला पुष्कळदा उत्तर नसतं. तुम्हाला काय म्हणायचंय, हा उलटा प्रश्न करावा लागतो.

कोल्हापूरच्या बॅचला मी हे नदीवर शिकवायचे. पंचगंगा कोल्हापूरजवळून वाहते: द पंचगंगा फ्लोज पास्ट कोल्हापूर. ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते: इट मीट्स द कृष्णा. ही पाटी, भूगोलाच्या पुस्तकातली. पण जुलै-ऑगस्टमध्ये सगळं शहर एकमेकांना एकच विचारत असतं, राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? तिथे इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी 41 वर असेल तर ‘द रिव्हर इज फ्लोइंग ॲट 41 फीट’, ‘द वॉटर इज रायझिंग’. हा खडू, आणि तासातासाला पुसून नवा आकडा लिहायचा खडू. 2019 चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना ‘राइझेस’ आणि ‘इज रायझिंग’ यातला फरक व्याकरणातून समजवावा लागला नाही. ‘द वॉटर राइझेस एव्हरी जुलै’ म्हणणारा निवांत बसलेला असतो. ‘द वॉटर इज रायझिंग’ म्हणणारा गाद्या माळ्यावर टाकत असतो.

तुमच्या सर्व्हरचं हेच झालं. ‘द सर्व्हर डझन्ट रिस्पॉन्ड’ ही पाटी झाली: या सर्व्हरची जातच अशी, तो उत्तर देतच नाही. पलीकडच्या माणसाने ‘नेव्हर?’ विचारलं ते खोचकपणे नसेलही, त्याला खरंच तसं ऐकू आलं. तुम्हाला म्हणायचं होतं ‘इझन्ट रिस्पॉन्डिंग’, आत्ता बंद पडलाय, दुरुस्त झाला की देईल. चाकणच्या एका कारखान्यातल्या मेन्टेनन्सवाल्याने माझ्या वर्गात अशीच हकिगत सांगितली होती. त्याने ईमेलमध्ये लिहिलं होतं, ‘द सेन्सर डझन्ट वर्क’. परदेशातल्या इंजिनिअरने मशीन मुळात बसवलं कसं होतं याचे सगळे कागद मागवले. बिचाऱ्याला म्हणायचं होतं की सकाळपासून सेन्सर रुसलाय. अर्थात, ज्या बटणाने पहिल्या दिवसापासून कधी कामच केलं नाही, त्याला ‘धिस बटन डझन्ट वर्क’ हेच योग्य. दोषाला पाटी, बिघाडाला खडू.

या नकारार्थी वाक्यांपाशी आपण जास्त अडखळतो, आणि त्याचंही कारण मराठीतच आहे. होकारात ‘चालतो’ आणि ‘चालतोय’ हे वेगळे दिसतात. नकारात पुस्तकी मराठी दोघांना एकाच गोठ्यात बांधते: ‘पंखा चालत नाही’. तो कधीच चालत नाही की आत्ता चालत नाही, हे त्या वाक्यावरून कळत नाही. बोली मराठीने मात्र वाट काढली आहे: ‘पंखा चालत नाहीये’. तेव्हा लिहिताना नाही, बोलताना जे तोंडात येतं ते ऐका. ‘तो मटण खात नाही’, ही डझन्ट ईट मटण. ‘तो मटण खात नाहीये’, म्हणजे ताटात वाढलंय आणि नुसता चिवडत बसलाय, ही इझन्ट ईटिंग. हे ‘नाहीये’ कामाचं आहे, फक्त ‘मला’च्या वाक्यांत त्यावर विसंबू नका, कारण आपण ‘मला माहीत नाहीये’ही सर्रास म्हणतो.

इथे थोडं विषयांतर. हिंदीतून इंग्रजी शिकवणारे व्हिडिओ आपल्याकडे फार बघितले जातात. ‘ता है, ती है’ आलं की सिंपल, ‘रहा है’ आलं की कंटिन्युअस, असं ते सांगतात. हिंदीपुरतं ते बरंचसं जमतं. मराठीचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे ‘राहतो’, ‘राहतोय’, ‘राहत असतो’, ‘राहिलोय’ अशी घरं आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाला इंग्रजीत वेगळं दार आहे. मराठी वाक्य मनात हिंदी करून मग इंग्रजी करणारी मुलं मी पाहिली आहेत. दोनदा बस बदलून जाण्यासारखं आहे ते, एकदा तरी चुकतेच.

‘राहत असतो’वरून आठवलं. शाळेत आपण त्याला रीती वर्तमानकाळ म्हणायचो. ‘तो सारखा तक्रारी करत असतो’ याला इंग्रजीत गंमत म्हणजे आयएनजी चालतं: ‘ही इज ऑलवेज कंप्लेनिंग’. रोजचीच गोष्ट आहे, तरी खडू का? कारण बोलणारा वैतागलाय. नुसतं ‘ही ऑलवेज कंप्लेन्स’ म्हणजे नोंद. ‘इज ऑलवेज कंप्लेनिंग’ म्हणजे कपाळावरची आठी. मॅनेजरबद्दल बोलताना तेवढं जपा.

आता उलट्या बाजूची चूक, जी तुम्ही विचारली नाही पण करत असणार. मराठीत जिथे ‘तोय’ नाही तिथे इंग्रजीत आयएनजी लागतं. बघा: तो बसलाय. ती झोपलीय. त्याने टोपी घातलीय. तिने नऊवारी नेसलीय. फोटो भिंतीवर टांगलाय. आपण बसण्याची, झोपण्याची, नेसण्याची क्रिया संपली असं धरतो आणि पूर्ण वर्तमानकाळ वापरतो. खरंच आहे ते, नेसून झाली आहे साडी. इंग्रज मात्र त्या अवस्थेकडे बघतो, जी अजून चालू आहे: ही इज सिटिंग, शी इज स्लीपिंग, ही इज वेअरिंग अ कॅप, द फोटो इज हँगिंग ऑन द वॉल. ‘सर बसले आहेत’चं ‘सर हॅज सॅट’ मी इतक्या वेळा ऐकलंय की आता दचकत नाही. ‘तो झोपलाय, नंतर फोन करा’ याचं ‘ही हॅज स्लेप्ट’ करू नका, ‘ही इज स्लीपिंग’ किंवा सरळ ‘ही इज अस्लीप’. कपड्यांच्या बाबतीत पाटी-खडूही लागतो: ‘शी वेअर्स ग्लासेस’, तिला चष्मा आहे, ‘शी इज वेअरिंग ग्लासेस’, आत्ता लावलाय, एरवी लेन्स घालत असेल. फोटोचं वर्णन करायला सांगितलं की मराठी विद्यार्थ्यांचे गुण जातात ते इथेच.

तुमचं ‘आय कॉल यू इन टेन मिनिट्स’ हे वाक्य वेगळ्याच खात्यात पडतं. ‘दहा मिनिटांत फोन करतो’ यात मराठी रूप वर्तमानकाळी आहे, अर्थ पुढचा आहे. ‘मी बघतो’, ‘मी विचारून सांगतो’, ‘येतो हं’ हे आपण दिवसभर म्हणतो. इंग्रजीत त्या क्षणी दिलेल्या शब्दाला ‘आय विल’ लागतं: आय विल कॉल यू, आय विल चेक. आधीच ठरलेलं असेल तर आयएनजी: ‘आय ॲम मीटिंग द क्लायंट टुमॉरो’. आणि छापील वेळापत्रक असेल तर सिंपल. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी 7.15 ला सुटते, ‘लीव्हज ॲट 7.15’, उद्याचीसुद्धा. ती पाटी रेल्वेने रंगवलेली आहे. त्या गाडीने जाणारे तुम्ही मात्र ‘आय ॲम लीव्हिंग टुमॉरो’, कारण तुमचा बेत रात्रीत बदलू शकतो. आणि गाडीला उशीर झाला की तीही खडूवर येते: ‘द ट्रेन इज रनिंग लेट’.

‘आय ॲम वर्किंग इन धिस टीम सिन्स 2021’ याबद्दल तुम्ही विचारलंय की ‘वर्क’ हवं की ‘ॲम वर्किंग’. दोन्ही नकोत. मराठीत ‘2021 पासून काम करतोय’ हे वर्तमानकाळात निर्धास्त बसतं. इंग्रजीत ‘पासून’ आलं की मागचं टोकही वाक्यात धरावं लागतं, म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग’. मराठी माणसाची ही सगळ्यात चिवट चूक आहे. माझ्या वर्गातले वीस वर्षं इंग्रजीत व्यवहार केलेले लोकही ती करतात, आणि गंमत म्हणजे त्यांना तोवर कुणीच टोकलेलं नसतं, कारण अर्थ कळतो. ‘सिन्स’ किंवा ‘फॉर फाइव्ह इयर्स’ तोंडात आलं की मागे ‘हॅव’ किंवा ‘हॅव बीन’ आहे का एवढं बघायचं. दुसरा उपाय नाही.

काही जागी सिंपल प्रेझेंट आत्ताच्या घटनेलाही वापरतात, ते झटकन सांगते. क्रिकेटची कॉमेंट्री: ‘ही रन्स इन, ही बोल्स’, कारण क्रिया सुरू होते तोवर संपतेही. पाऊस आला की मात्र लगेच ‘द कव्हर्स आर कमिंग ऑन’. तसंच बोलणं हीच कृती असते तिथे: आय प्रॉमिस, आय अपॉलजाइझ, आय ॲग्री. ‘आय ॲम अपॉलजाइझिंग’ म्हणणारा माफी मागतोय की मागत असल्याचं सांगतोय, अशी शंका येते. कॉलवर ‘आय ॲम ॲग्रीइंग’ ऐकू येतं आपल्याकडे, ते सोडा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुम्ही मॅकडोनल्ड्सचं ‘आयम लव्हिन इट’ पुढे केलंय. ती ओळ 2003 पासून चालू आहे आणि तेव्हापासून प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी ती माझ्या तोंडावर फेकतंच. नियम मोडलाय, पण मुद्दाम: आवड ही पाटी न राहता घास तोंडात असतानाची मजा व्हावी म्हणून. गप्पांत इंग्रज, अमेरिकन लोक ‘आयम लव्हिंग धिस वेदर’ म्हणतात. कार्यालयीन ईमेलमध्ये नका वापरू. ‘आय ॲम होपिंग’, ‘आय ॲम वंडरिंग इफ’ ही रूपं मवाळपणासाठी येतात, विनंती करताना ती उलट बरी वाटतात. ‘माझी पाठ दुखतेय’ला ‘माय बॅक एक्स’ आणि ‘माय बॅक इज एकिंग’ दोन्ही चालतात, त्यात डोकं घालू नका.

शिवाय तुमच्या समोर कोण आहे हेही आहे. ‘आय ॲम हॅविंग अ कार’ हे भारतीय इंग्रजी आहे, ते देशभर समजतं. निस्सीम इझिकेल हे मुंबईचे इंग्रजी कवी, आणि ज्याची पिढ्यांची भाषा मराठी त्या बेने इस्रायल या ज्यू समाजातले. आपल्या या आयएनजीच्या सोसावर त्यांनी मिश्किल कविता लिहिल्या, आणि त्या इतक्या गाजल्या कारण वाचणारा प्रत्येकजण त्यात कुणाला ना कुणाला ओळखत होता. नागपूरच्या सहकाऱ्याशी बोलताना याची लाज बाळगायचं कारण नाही. परदेशी क्लायंटशी, मुलाखतीत, परीक्षेत मात्र किंमत मोजावी लागते, तेव्हा तिथे जपा.

आणि इंग्रजीसुद्धा काही आभाळातून हा भेद घेऊन पडली नाही. शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ नाटक 1600 च्या आसपासचं. त्यात हॅम्लेट पुस्तक वाचत असताना दरबारी पोलोनिअस विचारतो, ‘व्हॉट डू यू रीड, माय लॉर्ड?’ आज माझ्या वर्गात कुणी हे म्हटलं तर मी ‘आर यू रीडिंग’ अशी दुरुस्ती करेन. म्हणजे आपण शेक्सपिअरच्या काळी जन्मलो असतो तर तुमचं ‘डझन्ट रिस्पॉन्ड’ खपून गेलं असतं. चारशे वर्षं उशीर झाला एवढंच.

सरावाचं म्हणाल तर मी एकच गोष्ट करून घेते. कॉलच्या आधी पाच मिनिटं आपण काय बोलणार ते मराठीत लिहून काढायचं, तेही पुस्तकी न लिहिता तोंडी बोलतो तसं. प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर ‘मी’ की ‘मला’ याची खूण करायची. ‘मला’, ‘माझ्याकडे’ असेल तर, वरचे अपवाद सोडून, आयएनजी खोडून टाकायचं. ‘मी’ असेल, किंवा सर्व्हर, मशीन, टीम असेल, तर पाटी की खडू हे ठरवायचं. सुरुवातीला कंटाळा येतो. महिनाभराने कागद लागत नाही. व्याकरणाच्या पुस्तकातले रिकाम्या जागांचे शंभर प्रश्न सोडवून जे होत नाही ते याने होतं, कारण रिकाम्या जागेत वाक्य दुसऱ्याचं असतं, त्याला काय म्हणायचंय हे तुम्हाला ठाऊक नसतं.

तुमची वाक्यं या रीतीने अशी होतील. ‘माझ्याकडे तीन तिकिटं आहेत’: आय हॅव थ्री टिकेट्स. त्यातल्या एकावर काम चालू असेल तर पुढे जोडा, ‘ॲण्ड आय ॲम वर्किंग ऑन वन ऑफ देम’. ‘मला हा इश्यू समजत नाहीये’: आय डोन्ट अंडरस्टँड द इश्यू. ‘सर्व्हर रिस्पॉन्ड करत नाहीये’: द सर्व्हर इझन्ट रिस्पॉन्डिंग. ‘2021 पासून’ला ‘आय हॅव बीन वर्किंग’ आणि दहा मिनिटांच्या फोनला ‘आय विल कॉल यू’.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, ‘आय ॲम हॅविंग अ डाउट’. आयएनजी काढलंत तर ‘आय हॅव अ डाउट’ होतं आणि व्याकरण सुटतं. पण आपल्याकडे डाउट म्हणजे शंका, म्हणजे विचारायचा प्रश्न. पलीकडच्या माणसाला ते ‘मला तुमच्या बोलण्याचा भरवसा वाटत नाही’ असं ऐकू येतं. तिथे ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा.